दुधाच्या दातांची निगा : सभासद पालकांसाठी



या पानांवर बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी आपण वाचत असता. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे, पण तो प्रत्येकाच्या घरातला आहे. लहान मुलांच्या दातांची कीड हा तो विषय. रात्री अकरा वाजता पोर गाल धरून रडू लागले की घरात कोणाला झोप लागत नाही. लवंग शोधा, मीठ-पाण्याची गुळणी द्या, सकाळी टोळी यायची असली तरी तालुक्याला पळा, अशी धावपळ होते. यातली बहुतेक धावपळ टाळता येण्यासारखी आहे.

शिवाय आपण साखर पिकवणारी माणसे. दिवाळीला सवलतीची साखर घरात येते, गुऱ्हाळाचा गूळ येतो आणि अंगणात उसाची कांडी असते. साखरेने आपल्या घरांना बरे दिवस दाखवले हे खरेच आहे. पण तीच साखर लेकरांच्या तोंडात केव्हा आणि कशी नुकसान करते हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. साखर कारखान्याच्या पत्रिकेने हे सांगू नये, असे आम्हाला वाटत नाही. उलट आपणच ते आधी सांगावे.

“दुधाचेच दात, पडायचेच हायत”

हे वाक्य घरोघरी ऐकू येते. सूनबाईने पोराच्या दाढेवरचा काळा डाग दाखवला की आजी म्हणते, “अगं, दुधाचेच दात ते, पडायचेच हायत. नवं येतील की.” आजीचा अनुभव मोठा आहे, पण इथे थोडा हिशेब घालून पाहू.

बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून दात येऊ लागतात. आधी बहुधा खालचे पुढचे दोन येतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत वरचे दहा आणि खालचे दहा असे वीस दुधाचे दात पुरे होतात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे तीन वर्षांच्या पोराची दाढ किडली, तर तिला अजून सात-आठ वर्षे काम करायचे आहे. एवढी वर्षे पोराने दुखऱ्या दाढेने भाकरी कशी चावावी? असे पोर एका बाजूनेच चावते, नाहीतर दुधात कुस्करूनच खाते. त्याचे वजन भरत नाही, झोप होत नाही आणि शाळेत लक्ष लागत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, दुधाचा दात हा खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखत असतो. दाढ किडून वेळेआधी काढावी लागली की मागची दाढ पुढे सरकते. शेजाऱ्याने दर साली हातभर बांध कोरावा तसलाच हा प्रकार. मग खरा मालक येतो तेव्हा त्याला उभे राहायला जागा उरत नाही. तो वाकडा येतो, नाहीतर हिरडीतच अडकून बसतो. शिवाय किडलेल्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खालच्या पक्क्या दाताच्या कोंबालाही इजा होते आणि तो डागाळलेला किंवा खडबडीत येऊ शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच पुष्कळांना ठाऊक नसते. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे, दुधाच्या दाढांच्या पलीकडे, एक नवी दाढ येते. वरखाली मिळून अशा चार येतात. त्यांच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून आई-बापांना ती दाढ आल्याचे कळतच नाही. कळली तरी ती दुधाचीच समजली जाते. पण ती पक्की दाढ असते आणि जन्मभरासाठी असते. ती गेली की दुसरी येत नाही. पहिलीत जाणाऱ्या मुलाचे तोंड एकदा उजेडात उघडून पाहा आणि ही दाढ ओळखून ठेवा.

कीड म्हणजे काय? कारखान्याच्या भाषेत

दात किडतो म्हणजे त्यात अळी शिरते असे नव्हे. कारखान्यातले उदाहरण घेतले तर हे चटकन कळेल.

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडून राहिला की काय होते, हे आपणास सांगायला नको. जिवाणू उसातली साखर खातात, आम्ल करतात आणि चिकट बुळबुळीत पदार्थ तयार करतात. रस आंबतो, उतारा घटतो. मिलमध्येही रस वाहतो त्या जागी असाच बुळबुळीत थर धरतो. म्हणून वाफेने आणि गरम पाण्याने ती जागा वरचेवर धुवावी लागते. हे काम कोणी टाळले तर केमिस्टसाहेब लगेच विचारतात.

तोंडात हेच घडते. जिवाणूंची जात वेगळी, पण धंदा तोच. दातावर एक पांढरट चिकट थर बसतो. नखाने खरवडला तर तो नखावर येतो. त्यातले जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात. दाताचे वरचे कवच शरीरातली सर्वांत कठीण वस्तू आहे, हाडापेक्षाही कठीण. पण तोंडातला सामू सुमारे साडेपाचाच्या खाली गेला की तेही विरघळू लागते. दुधाच्या दाताचे कवच पक्क्या दाताच्या जवळजवळ निम्मेच जाड असते. म्हणून मुलांची कीड भराभर खोल जाते.

कारखान्यात रसाचे आम्ल मारण्यासाठी चुना घालतात. तोंडात ते काम लाळ करते. आम्ल धुऊन टाकून, विरघळलेल्या कवचात कॅल्शियम पुन्हा भरून काढण्याची ताकद लाळेत आहे. पण तिला वेळ लागतो. गोड खाल्ल्यावर साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ आम्लाचा जोर राहतो. आणि झोपेत लाळ अगदी कमी सुटते. पुढचे सगळे नियम या दोन गोष्टींतून निघतात.

किती साखर, आणि किती वेळा

पोराने जेवणाबरोबर एकदा शिरा खाल्ला तर तोंडात एकदा आम्ल होते. पुढे लाळ ते निस्तरते. पण सकाळी चहा-बिस्कीट, दहाला गोळी, बाराला चिक्की, तीनला पुन्हा चहा, संध्याकाळी उसाची कांडी आणि झोपताना गोड दूध असे चालले, तर लाळेला उसंतच मिळत नाही. साखर तेवढीच असली तरी नुकसान कितीतरी जास्त होते.

ही गोष्ट फार पूर्वी तपासली गेली आहे. स्वीडनमधील लुंड येथील व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ ते १९५३ या काळात असे प्रयोग झाले. ज्यांना जेवणाबरोबर साखर दिली त्यांच्या दातांत कीड फारशी वाढली नाही. ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटणारी टॉफी दिली त्यांची कीड झपाट्याने वाढली. मात्र हे प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांची संमती न घेता केले गेले. त्यावर पुढे कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. अशा दुबळ्या माणसांची किंमत देऊन जे ज्ञान मिळाले, ते आपण निदान वाया घालवू नये.

गोडाचे प्रमाणही पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १३०० कॅलरी लागतात असे धरू. त्याचे पाच टक्के म्हणजे सुमारे १६ ग्रॅम, चहाचे चार चमचे. आपल्याकडच्या दोन कप गोड चहातच ते संपतात.

“गूळ चालतो ना?” असे बरेच जण विचारतात. गुळात लोह वगैरे थोडेफार असते, पण दाताच्या दृष्टीने गूळ म्हणजे साखरच. शिवाय तो चिकट, म्हणून दाढेच्या खाचेत जास्त वेळ बसतो. काकवी, मध आणि खजूर यांचेही तसेच. उसाची कांडी सोलून खाल्ल्याने दात स्वच्छ होतात असा एक समज आहे. चावण्याने दाताला व्यायाम होतो हे ठीक, पण रस तोंडभर फिरतोच. तेव्हा ऊस खाऊ द्या, मात्र जेवणाला लागून द्या. वर चूळ भरायला लावा. दिवसभर चघळत फिरू देऊ नका.

सण-वार आणि लग्न-कार्य चालायचेच. गोड बंद करा असे आमचे म्हणणे नाही. ते जेवणाबरोबर द्या. मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, पेरू, उकडलेले अंडे, नाहीतर भाकरीचा तुकडा द्या. साखर न घातलेले दूध आणि साधे पाणी यांसारखे पेय मुलांना दुसरे नाही.

तान्ह्या बाळाची काळजी

आईच्या अंगावरचे दूध हे बाळासाठी सर्वोत्तम, त्याबद्दल शंका नको. धोका आहे तो बाटलीचा. गोड दुधाची बाटली तोंडात देऊन बाळाला झोपवले की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात. दीड-दोन वर्षांच्या लेकराचे वरचे चार दात तपकिरी होऊन झिजलेले दिसतात ते बहुधा यामुळे. बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा. वर्षाचे झाले की पेल्याने पाजा. चोखणी मधात किंवा साखरेत बुडवून देऊ नका. एक वर्षाच्या आत मध तर अजिबात चाटवू नये. त्यातून तान्ह्या बाळाला क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. दोन वर्षांपर्यंत बाळाच्या खाण्यात साखर-गूळ न घालणे हेच उत्तम. ज्याने गोड चाखलेच नाही ते गोड मागत नाही.

दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते आणि बाळ किरकिरते. पण जोराचा ताप किंवा जुलाब दातांमुळे होत नाहीत. बाळ मिळेल ते तोंडात घालते, त्या घाणीतून जुलाब होतात. तेव्हा “दात येताहेत” म्हणून जुलाबाकडे दुर्लक्ष करू नका. मिठाचे-साखरेचे पाणी पाजा आणि डॉक्टर गाठा. दीड वर्षापर्यंत एकही दात आला नाही तर तेही दाखवून घ्या.

ब्रश कोणी करायचा?

पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करावी. लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्या. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरा. नळीवर त्याचे प्रमाण छापलेले असते, ते १००० पीपीएमच्या आसपास असावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर पट्टी दिसते तेवढी लागत नाही. पेस्ट गिळू देऊ नका आणि नळी मुलांच्या हाती लागू देऊ नका. घासून झाल्यावर थुंकायला सांगा, खळखळून चुळा भरायला नको. थोडे फ्लोराइड दातावर राहिलेलेच बरे.

दिवसातून दोनदा घासायचे. त्यातही रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे कधी चुकवू नये. त्यानंतर पाण्याशिवाय काही द्यायचे नाही. आणि सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसाच्या हातात असावा. लहान मुलाचा हात तेवढा वळत नाही. तो पुढचे दात घासतो आणि मागच्या दाढा राहतात. पोराला मांडीवर घ्या, डोके मागे टेकवा, ओठ वर करा आणि गोल गोल फिरवत दोन मिनिटे घासा. हे काम आईनेच करायचे असे कुठे लिहिले आहे? बापाने केले तर दात काही कमी स्वच्छ होत नाहीत.

मिसरी, कोळसा आणि किडे काढणारे

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि दंतमंजनावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या चुलीवर भाजलेल्या मिसरीला कोण अडवणार? दाढ दुखते म्हणून पोराच्या हिरडीला मिसरी लावणे हे त्याला व्यसनाच्या दारात नेऊन उभे करण्यासारखे आहे. तसे कोणी करत असेल तर ते आजच थांबवावे. कोळसा, राखुंडी आणि विटेची पूड यांनी दाताचे कवच घासून जाते. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीला दोष नाही, पण लहान मुलाच्या मागच्या दाढेपर्यंत ती पोहोचत नाही.

आठवडे बाजारात धूर देऊन दातातला किडा काढून दाखवणारे बसतात. दातात किडा नसतोच, तेव्हा दाखवतात ती हातचलाखी. दुखऱ्या दातावर गोळी चुरून ठेवू नका, हिरडी भाजते. ॲस्पिरिन तर मुलांना मुळीच देऊ नये.

बोअरच्या पाण्याविषयी

पेस्टमधले थोडे फ्लोराइड दाताला बळ देते. पण पाण्यातून ते जास्त गेले की दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडेही दुखू लागतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, बीड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या खोल बोअरना ही अडचण आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणीच नसेल तर जास्तीत जास्त दीड. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. गावातल्या अनेक मुलांच्या दातांवर सारखेच डाग दिसत असतील, तर ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्यावा. आपण मातीपरीक्षण करतो, तसेच हे करायचे.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

खोडकिडा लागला की पोंगा वाळण्याआधी ओळखावा लागतो. दाताचेही तसेच आहे. महिन्यातून एकदा मुलाचा ओठ वर करून हिरडीलगत पाहा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण समजा. या वेळी घासणे आणि गोडाच्या वेळा सांभाळल्या, डॉक्टरांनी फ्लोराइडचा लेप दिला, तर खड्डा न पडता दात वाचतो. सहा वर्षांच्या दाढेच्या खाचा बुजवून टाकण्याचीही सोय आहे. त्यात टोचणे-कोरणे काही नसते. कीड थांबवणारे चांदीयुक्त औषधही आता मिळते. त्याने किडलेली जागा काळी पडते, पण कीड बहुधा पुढे जात नाही. खड्डा असेल तर तो भरता येतो. फार खोल गेला तरी दुधाच्या दाढेची नस स्वच्छ करून वर टोपी बसवता येते. दात काढावाच लागला तर जागा राखणारी तार बसवून घ्या.

पहिली तपासणी वर्षाच्या आतबाहेर करावी. गालाला सूज आणि सोबत ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळता येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्यात दातही पाहतात. त्या दिवशी पोर घरी ठेवू नका. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे घातला गेला त्या प्रवरानगरजवळच्या लोणी येथे आज ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत खाजगीपेक्षा खर्च कमी येतो.

एक तातडीची गोष्ट. खेळताना पडून पक्का दात मुळासकट निघाला तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचला, दुधाने किंवा पाण्याने हलकेच धुवा आणि जागेवर बसवा. जमले नाही तर थंड दुधात ठेवा. तासाभरात डॉक्टरांकडे पोहोचलात तर तो पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

कोपीवरची लेकरे

शेवटी एक विनंती. आपला ऊस तोडायला जी कुटुंबे येतात, त्यांची लेकरे पाच-सहा महिने कोपीवर राहतात. पहाटे आई-बाप फडात जातात. लेकराच्या हाती कांडी किंवा बिस्किटाचा पुडा असतो, आणि दाढ दुखली तर त्याला दवाखान्यात नेणार कोण? टोळी आपल्या फडात असेल तेव्हा तपासणीच्या पथकाला कोपीवरही यायला सांगावे. दोन ब्रश आणि एक पेस्ट यांचा खर्च फार नाही. ज्यांच्या कष्टाने आपला ऊस काट्यावर पोहोचतो, त्यांच्या लेकरांचे दात हीही आपलीच जबाबदारी आहे.

थोडक्यात लक्षात ठेवावे ते असे :

१. गोड द्यायचे ते जेवणाबरोबर, मधूनमधून नाही.
२. रात्री घासल्यावर फक्त पाणी.
३. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांच्या हातात.
४. सहाव्या वर्षी येणारी मागची दाढ पक्की असते. तिला जपा.
५. पांढरी रेघ दिसताच डॉक्टर. दुखेपर्यंत थांबायचे नाही.

यातले आज रात्रीपासून एकच करायचे ठरवले तर दुसरे करावे. घरात चर्चा करावी, आजीलाही वाचून दाखवावे. पोरांना गोष्ट सांगता सांगता ब्रश हातात घ्यावा, म्हणजे ते लवकर सवयीचे होते.